शय्यादानातली मोटार

काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाने मोटार घ्यायची म्हणजे मुळातच हसू येण्यासारखी गोष्ट. या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढून त्याला वाट द्यावी लागते. स्कूटरवाल्याचे गुडघे दोन्हीकडच्या भिंतींना सलामी देत जातात. अशा ठिकाणी जन्म काढलेल्या वेणीमाधव पुणतांबेकराला चाळिशीत गाडीचं वेड लागलं, आणि तेही साध्यासुध्या गाडीचं नाही. त्याला पळणारी गाडी हवी होती.

पळणारी म्हणजे किती पळणारी, हे तो कुणालाही समजावून सांगायला तयार असे. रेल्वेच्या इंजिन कारखान्यात तो तपासणी विभागात होता. दिवसभर हजारो घोड्यांच्या ताकदीची इंजिनं गुरगुरताना ऐकायची, त्यांच्या अंगाला हात लावून धडधड मोजायची, आणि संध्याकाळी खडखडणाऱ्या स्कूटरवर बसून घरी यायचं. इंजिनं जायची कुठल्या कुठे आणि हा आपला मैदागिनच्या चौकात ई-रिक्शांमध्ये अडकलेला. त्याला मिरवायचं नव्हतं. मोकळ्या रस्त्यावर पाय दाबावा आणि सीटने पाठीला धक्का द्यावा, पोटात खड्डा पडावा, एवढंच त्याला एकदा स्वतःच्या अंगाने अनुभवायचं होतं. ही इच्छा त्याने इतकी वर्षं सांभाळली होती की तिला वय आलं होतं.

खिसा मात्र सरकारी नोकराचा. बायकोशी, म्हणजे बकुळशी, बरीच चर्चा होऊन साडेचार लाखांवर तह झाला होता. बकुळ मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि जेवताना समोर गाड्यांचे व्हिडिओ चालू असले की ताट उचलून आतल्या खोलीत जायची. साडेचार लाखांत एक तर नवी डबी मिळते, नाहीतर कुणीतरी पिळून टाकलेली वेगवान गाडी. वेणीमाधवने लखनौला एक पाहिली, तिच्या तेलाचं डांबर झालं होतं. कानपूरची एक पुरात बुडून आलेली होती, सीटखाली अजून गाळ होता. प्रयागच्या गाडीला तर पुढचा अर्धा भाग एका गाडीचा आणि मागचा दुसरीचा. प्रत्येक वेळी तो नव्या उमेदीने जायचा आणि प्रत्येक वेळी बसने परत यायचा.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत, प्रयागच्या कुंभाच्या गर्दीने काशी फुगलेली असताना, इरशादचा फोन आला. इरशाद त्याचा शाळेपासूनचा मित्र. लहुराबीरला त्याचं गॅरेज होतं आणि वेणीमाधवच्या या शोधात तो घरच्या लग्नाच्या उत्साहाने सामील झाला होता.

"वेणी बाबू, पहले बैठ जाइए," इरशाद म्हणाला. "जर्मन है. दो लीटर, टर्बो, हाथ का गियर. और बच्ची है, बच्ची. चली ही नहीं."

"किसकी है?"

इरशादने आवाज खाली आणला. "सोनारपुरा में, एक महापात्र के यहाँ खड़ी है."

काशीत अकराव्या दिवशीचं दान घेणाऱ्या ब्राह्मणांना महापात्र म्हणतात. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर जे लागेल ते त्यांना द्यायचं. पलंग, गादी, छत्री, जोडे, भांडी. ते त्या पलंगावर आडवे झाले, ते जोडे घालून चार पावलं चालले, की ते त्या माणसाला पोचलं असं समजायचं. हेच शय्यादान. पुढे महापात्र त्या वस्तू विकतात, आणि त्यात गैर काही नाही. एका घरात किती पलंग ठेवणार. वेणीमाधवच्या घराण्यात पाच पिढ्या भिक्षुकी होती, त्याला हे सगळं ठाऊक होतं. पण दोन लिटर आणि टर्बो हे दोन शब्द कानावर पडल्यावर बाकीचं सगळं मागे पडलं. अर्ध्या तासात तो सोनारपुऱ्यात हजर होता.

महापात्रांचं आवार मोठं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये नवेकोरे पलंग उभे करून ठेवलेले, त्यांच्या पायांना दोरीने बांधलेल्या छत्र्या, एका खिळ्याला काठ्यांची मोळी, आणि भिंतीलगत जोड्यांची रांग, ज्यांच्या तळव्यांना जेमतेम चार पावलांची धूळ लागलेली. या सगळ्याच्या मध्ये ताडपत्री. इरशादने ती ओढली आणि वेणीमाधवला आपल्या छातीचे ठोके ऐकू आले.

निळी. सांजावल्यावर गंगेला येतो तसा गडद निळा रंग. बुटकी, रुंद, जमिनीला लागून बसलेली. कंपनीचं नाव मी सांगत नाही. लोक लगेच फोन काढून किंमत बघायला लागतात आणि गोष्ट राहून जाते.

तो हावरट झाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने शिस्तीत तपासणी केली. रंगाखाली पुट्टी नव्हती. दरवाज्याच्या कडांचे जोड कारखान्यातले. तेल मधासारखं स्वच्छ. इरशादने यंत्र लावून पाहिलं, एकही दोष निघाला नाही. गाडी अठरा महिन्यांची आणि चाललेली किती, तर आपल्या शेजाऱ्याची स्कूटर सहा महिन्यांत चालते तेवढी.

"लड़के की थी," महापात्र म्हणाले. साठीचे गृहस्थ, अंगावर शाल, बोलणं संथ. "छब्बीस साल का. गाड़ी लिया और महीना भर में बीमार पड़ गया. खिड़की से देखता रहता था, उसके पिताजी बता रहे थे. मन भर के चला नहीं पाया. तो उन्होंने शय्या के साथ यही दे दी."

वेणीमाधवला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच वेळी त्याच्या मनात हेही आलं की म्हणजे अपघात नाही, चासी सरळ आहे.

तपासणी जोडकिल्लीने झाली होती; आता महापात्रांनी आतून मूळ किल्ली आणली. ती लाल कापडात, दर्भाच्या दोन काड्यांसकट, दानात आली तशीच बांधलेली होती. त्यांनी गाठ सोडली. वेणीमाधवने उजवा हात पुढे केला, डावा हात आपोआप उजव्या कोपराशी गेला, आणि किल्ली तळहातावर पडताक्षणी त्याच्या तोंडून निघालं, "स्वस्ति."

यात त्याचा काही हेतू नव्हता. मुंज झाल्यापासून मिसरूड फुटेपर्यंत तो विश्वेश्वरकाकांबरोबर यजमानांकडे जायचा. हातावर दक्षिणा पडली की स्वस्ति म्हणायचं. म्हणजे दान मी घेतलं, देणाऱ्याचं कल्याण होवो. जिभेला ते वळण इतकं पडलं होतं की भाजीवाल्याने सुटे परत दिले तरी कधीकधी त्याच्या तोंडून स्वस्ति निघायचं आणि बकुळ पदर तोंडाला लावून हसायची.

महापात्र हसले नाहीत.

"ई का बोल दिए आप?"

"आदत है, पंडितजी. घर में सब भिक्षुक थे."

"हम अभी इसमें बैठे भी नहीं हैं," ते हळूच म्हणाले. "चलाना आता नहीं. सोचे थे, कोई सिखा दे तो एक चक्कर लगा लें, फिर बेचें."

"अरे पंडितजी, पहले हम लोग चक्कर लगा लें," इरशाद म्हणाला. "बिना चलाए पुरानी गाड़ी कौन लेता है?"

आणि ते बरोबरच होतं. सेकंडहँड गाडी आधी स्वतः चालवून बघायची, मग पैशाचं बोलायचं. वेणीमाधव आत बसला. सीटने त्याला दोन्ही बाजूंनी धरलं. त्याने बटण दाबलं आणि पायाखाली इतका खोल, दबका आवाज उमटला की त्याला हसूच फुटलं.

अस्सीपर्यंत गाईगुरं. लंका चौकापर्यंत रिक्शा. सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, घाम फुटेल अशी कसरत. मग सामने घाटाचा पूल आला. पुढे एकही वाहन नव्हतं. खाली गंगेवर कोवळं ऊन पसरलं होतं. "मारिए," इरशाद म्हणाला. वेणीमाधवने गिअर टाकला आणि पाय दाबला.

लंकेच्या चौकात एक ई-रिक्शा आडवी पडल्यासारखी उभी होती. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. वेणीमाधवचा पाय ब्रेकवर होता. शेजारी इरशाद हसून हसून डोळे पुसत होता.

"छुपे रुस्तम निकले आप तो," तो म्हणाला. "रामनगर का वो मोड़, कसम से, मैं तो कलमा पढ़ने लगा था. कहाँ सीखा ये सब?"

वेणीमाधव समोर बघत राहिला. रामनगर? ते तर पुलापलीकडे. त्याला पूल आठवत होता, पाय दाबल्याचं आठवत होतं. त्यानंतर ही ई-रिक्शा. मधे काहीच नव्हतं. त्याची पाठ घामाने ओली होती आणि हसून दुखतात तसे गाल दुखत होते. अति आनंदाने असं होत असावं, त्याने स्वतःला सांगितलं. लग्नात मंगलाष्टकं कुठे आठवतात कुणाला.

परत आल्यावर घासाघीस करायला तो तयारीने उभा राहिला. महापात्रांनी सहा लाख सांगितले होते. ते गाडीकडे न बघता म्हणाले, "तीन दे दीजिए. कागज उसके पिताजी से करवा देंगे. और आज ही ले जाइए."

वेणीमाधवला आकाश ठेंगणं झालं. विश्वेश्वरगंजच्या धान्यबाजारामागे एका बंद तेलघाणीचं आवार त्याने आधीच भाड्याने ठरवलं होतं. तिथवर गाडी न्यायला कुंभाच्या यात्रेकरूंमधून अख्खी दुपार गेली, आणि त्या दुपारचा क्षण न् क्षण त्याला आठवत होता. क्लच दाबून दाबून डावा पाय भरून आला, एका म्हातारीने बॉनेटवर गाठोडं ठेवून विसावा घेतला, एका सांडाने आरसा चाटला. तरी तो आतल्या आत नाचत होता.

पुढच्या रविवारी सकाळी त्याने बकुळला बसवली. ती नाराजीनेच आली. बाबतपूरच्या विमानतळाचा रस्ता तेव्हा नुकताच रुंद झाला होता, गुळगुळीत. कचहरीची गर्दी पार होईपर्यंत बकुळ सांगत होती की एवढ्या पैशात वरच्या मजल्याला फरशी झाली असती. शिवपूर मागे पडलं, रस्ता उघडला. "आता बघ," वेणीमाधव म्हणाला.

"अहो, सिग्नल हिरवा झालाय."

कचहरी. परतीची बाजू. बकुळच्या केसांचा अंबाडा सुटून खांद्यावर आला होता. तिच्या हातात अर्धा खाल्लेला पेरू होता, तिखटमीठ लावलेला, आणि चेहरा असा झाला होता की वेणीमाधव बघतच राहिला. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी ती अशी दिसायची.

"मी उगीचच इतकी वर्षं नको नको म्हणत होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही गाता हे मला माहीतच नव्हतं."

"मी गायलो?"

"उगीच लाजू नका आता. पेरूवाल्यापाशी थांबलो तेव्हासुद्धा गात होतात. तो म्हातारा पण हसायला लागला."

वेणीमाधवला गाता येत नव्हतं. त्याने पेरूचा एक चावा घेतला. तो म्हणाला, "हो, जरा रंगलो खरा." बकुळ इतकी खूश होती की तिला दुसरं काही सांगणं त्याला जमलं नाही.

मग हे सुरूच झालं. सुट्टी आली की बकुळ आधी तयार होऊन बसायची. कधी चुनारकडे, कधी मुगलसरायच्या हमरस्त्याला, कधी पुन्हा बाबतपूर. रस्ता मोकळा होईपर्यंत गाडीत वेणीमाधव असे. पुन्हा गर्दी लागली की वेणीमाधव असे. मधला भाग त्याला बकुळकडून कळायचा. तुम्ही त्या ट्रकला काय सफाईने मागे टाकलंत. तुम्ही धाब्यावर त्या पोरांना इंजिन उघडून दाखवलंत. तुम्ही किती हसलात. ती सांगायची, तो ऐकायचा, आणि शेजारच्या घरच्या लग्नातल्या जेवणाचं वर्णन ऐकावं तसं त्याचं तोंड कोरडं पडायचं.

तो तपासनीस होता. त्याने नोंद घेतली की पेट्रोल भरतानाचं सगळं आठवतं. भर उन्हात चाक पंक्चर झालं, जॅक घसरून बोट चेचलं, तेही लख्ख आठवतं. गाडी धुताना, विम्याच्या रांगेत उभं राहताना, पोलिसाशी हुज्जत घालताना तो पूर्ण जागा होता. गाडीची सगळी हमाली त्याची. फक्त ज्याच्यासाठी गाडी घेतली तेवढंच तिथे नसायचं. त्याने डॉक्टरला दाखवलं. डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाला, काहीही नाही, झोप घ्या.

एके दिवशी त्याने फोन समोरच्या काचेला चिकटवून चालू ठेवला, आणि घरी येऊन पाहिला. बाबतपूरच्या रस्त्यावर तो गाडी चालवत होता. त्याचाच चेहरा, त्याचाच चष्मा. पण हात स्टिअरिंगवर सैल होते, डोळे पुढच्या वळणाच्याही पुढे लागलेले. पाय दाबला की त्याचं डोकं मागे जायचं आणि तोंडातून हसू सांडायचं. एवढा आनंदी माणूस वेणीमाधवने जवळून कधी पाहिला नव्हता. त्याने तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग पुन्हा. त्याला हेवा वाटला, आणि कुणाचा वाटतोय हे लक्षात आल्यावर त्याने फोन उपडा ठेवला.

विश्वेश्वरकाका राम घाटाजवळ राहायचे. ऐंशी ओलांडली होती, पण पहाटेचं गंगास्नान चुकत नव्हतं. वेणीमाधव त्यांच्यापुढे बसला आणि सगळं सांगितलं, सोनारपुऱ्यापासून. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं.

"किल्ली हातात घेताना काय म्हणालास, वेणू?"

"स्वस्ति."

काकांनी पंच्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"महापात्र बसला नव्हता गाडीत?"

"नाही. आधी मी चालवली."

"म्हणजे घेणारा तू झालास," काका म्हणाले. "घेणाऱ्याने उपभोगलं की ते पोचतं, असं आपण लोकांना सांगत आलो. खरं-खोटं मला विचारू नकोस. मी कधी पोचवायला गेलो नाही."

"पण काका, महापात्र एकदा पलंगावर निजतात आणि सुटतात. मी दीड महिना चालवतोय."

"निजून माणसाची झोप पुरी होते. जेवून पोट भरतं." काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "सव्वीस वर्षांच्या पोराचं गाडीने मन कधी भरतं, हे मला कसं ठाऊक असणार, बाळा?"

बाहेर घाटावर कुणीतरी मोठ्याने संकल्प सांगत होतं. वेणीमाधवला राग आला. काकांचा नव्हे, त्या रस्त्यांचा. आपली गाडी, आपले पैसे, आपले हातपाय, आणि आपल्यालाच त्यातलं काही मिळू नये. त्याने ठरवलं की एकदा, फक्त एकदा, आपण जागं राहायचं. एक सरळ रस्ता आपण स्वतः चालवायचा. मग हवं तर गाडी देऊन टाकू.

त्या रविवारी निघताना त्याने बकुळला सांगितलं, "आज माझं मनगट धरून बस. घट्ट. नखं रुतव. मी काहीही म्हटलं तरी सोडू नकोस."

"हे काय नवीन?"

"गंमत आहे. धर तू."

बकुळने धरलं. कचहरी गेली. भोजूबीर गेलं. तिची नखं त्याला टोचत होती आणि ते टोचणं त्याला बरं वाटत होतं.

शिवपूर.

पुढे रस्ता स्वच्छ, पिकलेल्या गव्हाच्या शेतांमधून गेलेला. ऊन पडलेलं. एकही गाडी नाही. त्याच्या अंगावर शहारा आला. हा माझा, तो मनात म्हणाला. हा मी चालवणार.

त्याने तिसरा गिअर टाकला. टर्बोची शीळ सुरू झाली. पाठीला सीट लागायला लागली, नुसती लागायला.

"बकुळ, घट्ट."

"धरलंय."

त्याने पाय दाबला.

भोजूबीरचा तिठा. समोर ऊस भरलेली ट्रॉली. वेणीमाधवच्या मनगटावर चार लाल चंद्रकोरी होत्या, दोहोंतून रक्त आलेलं. बकुळचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"सोडलंस?" त्याने विचारलं.

"सोडू नको तर काय करू," बकुळ हसत म्हणाली. "इतक्या अदबीने सांगितलंत. मला तर हसू आवरेना."

"काय सांगितलं?"

"आता मलाच विचारा." तिने त्याच्यासारखा आवाज काढला, खालच्या पट्टीतला, मऊ. "भाभीजी, अब हाथ छोड़ दीजिए, आपको दर्द होगा."

ट्रॉली हलली. मागच्यांनी हॉर्न वाजवले. वेणीमाधवने गाडी सावकाश पुढे घेतली आणि थेट तेलघाणीच्या आवारात नेऊन उभी केली.

दुसऱ्याच दिवशी त्याने गाडी विकायला काढली. असली वस्तू विकायला वेळ लागत नाही. दिल्लीचा एक दलाल ट्रक घेऊन आला. वेणीमाधवने सगळं आधी सांगून टाकलं, दानाचंसुद्धा. दलाल म्हणाला, हम ये सब नहीं मानते. किल्ली देताना वेणीमाधवने ती त्याच्या हातावर ठेवली नाही, भिंतीच्या कडेवर ठेवली आणि मागे सरला. दलालाने काही न बोलता उचलली. गाडी फळीवरून ट्रकमध्ये चढली, साखळ्या आवळल्या, ताडपत्री पडली, आणि ट्रक पीलीकोठीच्या दिशेने वळेपर्यंत वेणीमाधव बघत उभा राहिला. यातलं काहीच आठवणीतून गळलं नव्हतं. साखळीचा आवाजसुद्धा त्याच्या कानात होता. त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की तो विश्वेश्वरगंजातून घरापर्यंत जवळजवळ पळतच आला.

त्या आठवड्यात तो ताजातवाना झाला. कारखान्यात त्याने एका नव्या इंजिनातला दोष नुसत्या आवाजावरून पकडला. साहेबांशी भांडला. दाढ दुखली, ती काढून आला. सगळं जागच्या जागी, एकामागून एक, काही सुटलेलं नाही. बकुळ चार दिवस रुसली, मग तिनेही ते सोडून दिलं.

पाडवा आला. गल्लीतल्या मराठी घरांच्या खिडक्यांतून गुढ्या वर निघाल्या. बकुळने आदल्या दिवशी चक्का टांगला होता, ठठेरी बाजारातून केशर आणलं होतं. श्रीखंड हा वेणीमाधवचा जीव की प्राण. वर्षभर तो त्याची वाट बघायचा आणि दाढेमुळे या वेळी जरा जास्तच. पंचपक्वान्नं नकोत, पुऱ्या नकोत, नुसतं श्रीखंड वाढ, असं तो लहान मुलासारखा म्हणाला. बकुळने हसून मोठी वाटी भरली. पिवळसर, दाट, वर चारोळ्या. वेणीमाधवने चित्राहुती घातली, बोटं बुडवली, आणि वर्षाची सगळी आशा एकवटून पहिला घास तोंडाशी नेला.

वाटी रिकामी होती. शेजारी दुसरी वाटी होती, तीही चाटून पुसून ठेवलेली. दारातलं ऊन सरकून अंगणाच्या मध्यावर आलं होतं. समोर बकुळ हनुवटीवर हात ठेवून कौतुकाने त्याच्याकडे बघत बसली होती.

"किती चवीने जेवलात आज," ती म्हणाली. "अजून आहे. वाढू?"

वेणीमाधवने जीभ टाळूला लावून पाहिली. चव कसलीच नव्हती. बोटांना मात्र वेलदोड्याचा वास येत होता.